माझ्या नावाची गाडी

११ फेब्रुवारी १९६४, सांगली

सह्या केल्या! पाच! पाचवीला घाई इतकी की आडनाव घसरत कागदाच्या कडेला गेलं. शोरूमचा कारकून यल्लाप्पा म्हणाला, "असू द्या की हो, गाडी सरळच येती." सगळे हसले. मीपण हसलो. पण यल्लाप्पा जरा जास्तच हसला. लक्षात ठेवायचं.

गाडी दोन दारांची. टप मागं दुमडतो. मद्रासच्या कारखान्यात तयार होते. इथं शोरूममध्ये नुसता फोटो, काचेच्या चौकटीत. लालभडक, समुद्राकाठी उभी. तासभर तिच्यासमोर उभा होतो. यल्लाप्पानं शेवटी स्टूल आणून दिलं.

घेणार माझे मालक लालासाहेब, नाव माझं. त्यांच्या नावावर एक गाडी मिळालेली आहे, आणि सरकारी नियमानं दुसरी इतक्यात मिळत नाही. म्हणून मळ्यावरच्या माणसाचं नाव घालायचं. पुष्कळ बागाईतदार असंच करतात म्हणे. लालासाहेब म्हणाले, "अर्जुना, लेका, नाव तुझं, गाडी माझी. पण मद्रासहून आणायची तूच. एकट्यानं." सातशे मैल! नव्या कोऱ्या गाडीत! दुसरा कुणी असता तर विचार करून सांगतो म्हणाला असता.

यादीत नंबर एकसष्ट, दोन वर्षं लागतील. मी एका जागी दोन वर्षं कुठंच काढलेली नाहीत. बंगलोर रोडच्या ट्रकवर क्लीनर होतो, पाचगणीला हॉटेलात होतो, मिरजेला सर्कशीत दीड महिना. तिथल्या हत्तिणीला केळ्यापेक्षा कांदा आवडायचा. ते असो. चार महिने झाले लालासाहेबांच्या मळ्यावर आहे, इस्लामपूरजवळ. आता हलायचं नाही म्हणून ही वही घेतली.

१२ फेब्रुवारी

हरिबाचं काहीतरी बिनसलंय. हरिबा म्हणजे लालासाहेबांचा जुना ड्रायव्हर, जीप त्याच्याकडं. काल आम्ही शोरूममध्ये होतो तेव्हा हा बाहेर जीपमध्येच बसून राहिला. फोटोपण बघायला आला नाही. आज नळावर गाठून विचारतो, "किती कागदांवर सही केलीस रं?"

"पाच."

"त्यातला कोरा हुता का कुठला?"

म्हटलं, तुमाला काय करायचंय? तर म्हणाला, "काय न्हाई. इचारलं." आणि जीपचा पुढचा टायर उगाच लाथेनं तपासत बसला.

समजलं मला. बावीस वर्षं याची चाकरी आणि मद्रासला जाणार मी. पोटात दुखणारच!

३ मार्च, सातारा

आईकडं आलो. आई दवाखान्यात आया आहे. वाटलं होतं खूश होईल. तर भाकरी थापता थापता म्हणते, "त्यास्नी तुझं नाव कशाला पायजे? त्येंच्या घरातली नावं संपली का?"

मी हसलो. ती नाही. "तुझ्या आज्यानं अंगठा दिला आन् रान गेलं. तुला साळंत घातला त्यो वाचून सही कराया. वाचलंस का?"

वाचलं म्हणून सांगितलं. वाचलं नव्हतं. सगळं इंग्रजीत होतं.

तिला कसं सांगू? गावात आमचं आडनाव कधी कुणी घेतलं नाही. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी सोळा वर्षांचा. त्याच्या आधी बाबाला गावात ज्या नावानं हाक मारायचे ते इथंपण लिहीत नाही. आणि आता मद्रासच्या कारखान्यात कुणीतरी टाइपरायटरवर बनसोडे असं एकेक अक्षर दाबून लिहिलं असेल. अर्जुन ज्ञानू बनसोडे. गाडी जाऊ दे, तेवढ्यासाठीच मी दहा सह्या केल्या असत्या.

२ मे, महाबळेश्वर

सीझनला टॅक्सी चालवायला आलोय, लालासाहेबांना सांगून. मुंबईची माणसं. एक बाई पाचगणीपर्यंत डोळे मिटून बसली आणि मग म्हणाली घाट छान होता.

आजची गोष्ट वेगळीच. पाचगणीच्या एका हॉटेलात पाहुणे सोडले. तिथला मॅनेजर कोंडीबा मला निरखून बघतो आणि म्हणतो, "तू लालासाहेबांच्या मळ्यावरचा न्हवं? नवी गाडी कवा येतीया?"

याला कसं ठाऊक? मी तर कुणाला बोललो नाही. म्हणजे बोललो, पण स्टँडवरच्या ड्रायव्हर लोकांत. याच्याशी नाही. हरिबानंच पसरवलं असणार. लोकांत बोभाटा करायचा, सरकारला कळवायचं, नंबर रद्द करायचा! असा डाव आहे तर.

१८ जुलै

आज कुठंतरी निघून जावंसं वाटलं. तीनदा वाटलं. गेलो नाही.

९ नोव्हेंबर, सांगली

नंबर बघून आलो. फेब्रुवारीत एकसष्ट होता. आज अठ्ठावन्न! नऊ महिन्यांत तीन गाड्या! कारखान्यात माणसं आहेत का गोगलगाई?

यल्लाप्पाला म्हटलं, नंबरांची वही दाखवा. तो म्हणाला, "दाखवतो की." लगेच दाखवली. इतक्या लगेच कोण दाखवतं? म्हणजे दुसरी वही आहे. खरी वही घरी.

१० नोव्हेंबर, सांगली

परत गेलो नाही. यल्लाप्पाच्या मागावर राहिलो. विश्रामबागेत राहतो. समोरच्या पाणपोईच्या आडोशाला दोन तास उभा. घरी कोण कोण येतंय बघू म्हटलं. एक भंगीण आली, एक गाय आली. गायीला त्यानं भाकरी दिली. मग तिच्याशी कानडीत काहीतरी बोलला, बराच वेळ. मला कानडी तुटकं येतं, ट्रकवर शिकलो. तुझी तब्येत बरी दिसत नाही असं म्हणत होता.

मग तिथूनच ओरडला, "ओ बनसोडे! पाय दुखत असतील की! च्या घ्या!"

घेतला. चहा चांगला होता. पण मला कसं ओळखलं? म्हणजे तोपण माझ्यावर नजर ठेवून आहे.

१४ जानेवारी १९६५

आज जीव खट्टू झाला. लालासाहेबांनी कारखान्याला पत्र पाठवलं, माझ्या सहीनं. गाडी लाल नको. राखाडी हवी.

म्हटलं, "आवं, लाल किती फक्कड दिसती!"

"राखाडीवर धूळ दिसत न्हाई, लेका."

आणि मागची सीट नको. मागच्या स्प्रिंगा, म्हणजे कमानी, जाड घालायच्या. मी ट्रकवर काम केलंय. जाड कमानी वजनासाठी घालतात. दोन दारांच्या गाडीत वजन कसलं? उसाचं वाढं न्यायचंय काय यांना! विचारलं तर हसले, पाठीवर थाप मारली. "तू मद्रासचा रस्ता पाठ कर. बाकी मी बघतो."

माणूस मोठा मनाचा. मळ्यावर एवढी गडीमाणसं, पण पाठीवर हात फक्त माझ्या. इथं सरळ माणूस हा एकच.

हरिबानं पत्र टपालात टाकायला नेलं. मी मागं सायकलवर गेलो. टाकलं त्यानं. पण टाकायच्या आधी पेटीसमोर किती वेळ उभा होता!

३० एप्रिल

हरिबाची बायको रंगुबाई. मळ्यातच घर त्यांचं, गोठ्याच्या पलीकडं. मला आज ताक दिलं आणि म्हणाली, "तुझी आई हाय न्हवं साताऱ्याला? तिकडंच बघ की एखादं काम."

नवऱ्यानं पढवलेली! ताक पिऊन टाकलं.

१२ सप्टेंबर

लढाई चालू. मळ्यावर सगळे रेडिओला चिकटलेले. गावचे कितीतरी फौजेत आहेत. तालमीतला एक पोरगा परवाच निघाला, एसटीच्या टपावर ट्रंक टाकून, हसत. यल्लाप्पा म्हणाला, आता कारखान्यातल्या गाड्या कधी येतील कोण सांगावं.

अशा वेळी गाडीचा विचार करायला लाज वाटते. केला तरी.

२० सप्टेंबर

नंबर एकोणीस. मधले सगळे कुठं गेले? चांगलं झालं तरी धाकधूक वाटते.

१७ जानेवारी १९६६, सांगली

मी म्हणत नव्हतो!

यल्लाप्पानं बघताक्षणी विचारलं, "निघाला नाही तुमी अजून?" कुठं? "मद्रासला की! कारखान्याचं पत्र तुमच्या पत्त्यावर गेलं. एकोणतीस डिसेंबरला." महिन्याच्या आत हजर नाही राहिलं तर गाडी पुढच्या नंबराला.

वीस दिवस! मळ्याचं टपाल इस्लामपूरहून कोण आणतं? जीप. जीप कुणाकडं?

१८ जानेवारी

सापडलं. जीपच्या सीटखाली, पान्यांच्या फडक्यात. पाकीट फोडलेलंपण नाही. वर माझं नाव टाइप केलेलं, मिस्टर ए. डी. बनसोडे. ज्ञानूचा डी केला, पण असू दे.

हरिबासमोर धरलं. पळाला नाही, खोटं बोलला नाही. विडी काढली, पेटवली नाही. म्हणाला, "धा दिवस गप बस गड्या. मुदत जाऊ दे. गाडी दुसऱ्याला जाऊ दे."

"का म्हणून?"

"इचारू नगंस."

"तुमाला मद्रासला जायचंय म्हणून!"

तो हसला. असा हसला की मला आणखीच राग आला. म्हणाला, "मद्रास लय लांब हाय. मला तितं जायचं न्हाई."

१९ जानेवारी

लालासाहेबांना सकाळीच सगळं सांगितलं. पाकीट दाखवलं. ते ओरडले नाहीत. हरिबाला बोलावलं, जीपची किल्ली टेबलावर ठेवायला सांगितली, आणि म्हणाले, "दुपारपातूर घर रिकामं कर."

चोवीस वर्षं, आणि वाक्य एवढंच. दुपारी बैलगाडीत भांडी, गाठोडी. रंगुबाई गाडीमागून चालत होती. माझ्याकडं बघितलं नाही. हरिबानं बघितलं. शिवी देईल वाटलं होतं. दिली असती तर बरं झालं असतं.

जाऊ दे. माझी गाडी बुडवत होता! मी काय चूक केलं?

लालासाहेबांनी तिकिटाचं बघितलं. "आलास की दोन-चार कोऱ्या कागदांवर सह्या करून टाक. पुढं सारखं तुला हुडकत बसायला नको." म्हटलं, करतो की.

२२ जानेवारी, मद्रास

मिरज ते बंगलोर, बंगलोर ते मद्रास. अंग मोडून गेलंय. इथं जानेवारीत घाम. भाताबरोबर जे पातळ वाढलं ते तिसऱ्यांदा मागितलं तर वाढप्यानं बादलीच जवळ ठेवली. समुद्र बघितला. फोटोतला बहुतेक हाच. जहाजं लागतात तिथं दुपार गेली. एका खलाशानं विचारलं, येतोस का, मोडक्या हिंदीत. एरवी गेलो असतो!

२४ जानेवारी, मद्रास

मिळाली!!

कोट घातलेला माणूस बाहेर आला आणि म्हणाला, "मिस्टर बनसोडे?" मी मागं वळून बघितलं, कोण आहे म्हणून.

राखाडीसुद्धा छान दिसते. दार लावलं की आवाज कसा, तर पेटीत रुमाल ठेवल्यासारखा. मागं सीटच्या जागी नुसता सपाट पत्रा. त्यावर माझी पिशवी एकटीच, लय बारकी दिसते.

एकच वाईट. नवं इंजिन, म्हणून पहिले पाचशे मैल ताशी तीसच्या वर न्यायची नाही. शर्यतीची गाडी आणि तीस!

२६ जानेवारी, तुमकूरच्या पुढं

तीस. तीस. तीस. आज मला एका एसटीनं मागं टाकलं, दोन ट्रकनी, आणि एका लग्नाच्या टेंपोनं, वाजंत्र्यांसकट. वाजंत्री माझ्याकडं बघून वाजवत होते.

पण टप उघडा! वारा सगळा माझा. एका गावात झेंडावंदन चाललं होतं. गाडी बघून कुणी साहेब आला वाटलं त्यांना. मास्तरांनी सलाम ठोकला. मीपण ठोकला. पुढं मैलभर एकटाच हसत होतो.

हरिबाची आठवण आली मधेच. का आली कुणास ठाऊक.

२८ जानेवारी, सांगली

सगळं लिहूनच काढतो.

कोल्हापुरावरून सांगलीला आलो, शोरूमच्या शिक्क्यासाठी. यल्लाप्पा बाहेर आला. गाडीभोवती फिरला, मागं वाकून बघितलं. आज हसला नाही.

"मागची सीट काढून आणलीसा?"

"ऑर्डरच तशी होती."

"हरिबाची पण अशीच हुती की."

हरिबाची? हरिबाकडं सायकल नाही!

यल्लाप्पानं मला आत नेऊन बसवलं. एकसष्ट साली लालासाहेबांनी अशीच गाडी नोंदवली होती, हरिबाच्या नावावर. जाड कमानी, मागं सीट नाही. ती आली आणि गोव्याची दारू आणायला लागली. इथं दारूबंदी, गोव्यात सगळं खुलं. माल पाचगणीच्या हॉटेलात जायचा. चालवणारा भलताच कुणीतरी. आंबोलीच्या घाटात नाक्यावर धरली तेव्हा तो झाडीत पळाला. गाडीच्या नोंदणीच्या पुस्तकात नाव हरिबाचं. पोलीस मळ्यावर आले, हा जीप धूत होता. लालासाहेबांनी कोर्टात कागद दाखवला, हरिबाच्या सहीचा. त्यात लिहिलेलं, गाडी माझी, मी माझ्या मर्जीनं वापरतो, मालकाचा संबंध नाही. सही कोऱ्या कागदावर केलेली, मजकूर मागनं घातलेला. सहा महिने आत होता हरिबा. सुटून परत मळ्यावरच आला. जाणार कुठं? घर त्यांच्या जागेत.

मी ओरडलो, "मला आधी का सांगितलं नाही?"

"तुमी कवा विचारलंसा?" यल्लाप्पापण ओरडला. "तुमी माझ्या घरावर पहारा करीत हुता की!"

त्याच दिवशी, आष्टा

इथं रंगुबाईचा भाऊ राहतो. विचारत विचारत आलो. गाडी पेठेतच ठेवली, दारापर्यंत न्यायची लाज वाटली. रंगुबाई उंबऱ्यात होती. "आता काय न्यायचं ऱ्हायलंय?"

हरिबा आत जनावराचं दावं वळत होता. माफी मागायची असं ठरवून आलो होतो. नुसतं म्हटलं, मला सांगायचं तरी.

"तुला सांगितलं असतं तर दिस मावळायच्या आत सायबास्नी कळलं असतं." दाव्याला पीळ देतच होता. "पत्राचं कळलं का न्हाई?"

कळलं. मीच सांगितलं.

म्हटलं, लालासाहेब हार घेऊन वाट बघत बसले असतील. आणि कोरे कागद. काय करू?

"पळून जा. तुला पळायला येतंय. मला कवा आलं न्हाई."

खरं आहे. गाडी इथंच सोडायची, मिरजेला रेल्वेत बसायचं, तो खलाशी म्हणाला होता तसं जहाजावर जायचं. माझं काय आहे इथं? कुणी मला शोधणार नाही.

पण मी गेलो तरी नाव इथंच राहतंय ना! त्या पुस्तकात. आणि दोन वर्षांमागच्या त्या पाच सह्या कसल्या होत्या कुणास ठाऊक. उद्या पोलीस मला हुडकत आईच्या दारात जाणार. दवाखान्यात, सगळ्यांसमोर.

हरिबाला तसं सांगितलं. त्यानं पहिल्यांदा दाव्यावरनं नजर काढली.

२९ जानेवारी, इस्लामपूर

गाडी पोलीस ठाण्याच्या अंगणात. किल्ली टेबलावर. सगळं सांगितलं, सह्यांचंपण. फौजदार म्हणाला, "तपास हुईस्तवर तालुका सोडून जायचं नाही." म्हटलं, नाही जात.

आता हरिबाला आत बोलावलंय, जबानीला. माझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. पण आष्ट्याहून माझ्या शेजारी बसून आला.